‘बघतो, करून घेतो’ : एका सोसायटीची गळकी गच्ची आणि वाया गेलेला उन्हाळा

हे प्रकरण पुण्याच्या उपनगरातल्या एका गृहनिर्माण सोसायटीतलं आहे. ओळख पटू नये म्हणून कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. वरवर पाहता विषय गच्चीच्या गळतीचा आहे. पण गळती नेमकी कुठून होते हे शोधायला तीन दिवस पुरले आणि ती बंद करायला तीन आठवडे. त्याआधीचं जवळजवळ दीड वर्ष बोलण्यात गेलं. त्या दीड वर्षात कुणी धडधडीत खोटं बोललं नव्हतं. तरीही काम तसूभर पुढे सरकलं नाही.

पार्श्वभूमी

दोन विंग, प्रत्येकी चार मजले, मजल्यावर पाच फ्लॅट, असे एकूण ४० फ्लॅट. इमारतीला २२ वर्षं झालेली. दुरुस्ती निधीत २ लाख १० हजार रुपये होते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी) दर पाच वर्षांनी व्हायला हवं. इथे ते एकदाही झालेलं नव्हतं. कमिटी चांगली होती, हेही नोंदवायला हवं. हिशेब चोख, त्यांचं ऑडिट वेळेवर, पाण्याच्या टाक्या वेळच्या वेळी धुतलेल्या. सेक्रेटरी नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता काम करणारे.

ए विंगच्या चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सोसायटीत त्यांना सगळे काकूच म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली. त्यांनी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

समस्या

फोटोखाली तासाभरात अंगठ्यांची रांग लागली. ‘अरेरे, फारच वाईट’, ‘कमिटीने त्वरित लक्ष घालावे’, ‘आम्ही तुमच्या सोबत आहोत काकू’. सेक्रेटरींनी लिहिलं, ‘काकू, विषय डोक्यात आहे, टेन्शन घेऊ नका. बघतो, करून घेतो.’ चेअरमननी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय आला. इतिवृत्तात त्याची नोंद अशी आहे : ‘ए विंगच्या टेरेस गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.’ सूचक आहेत, अनुमोदक आहेत. कार्यवाही म्हणजे काय, ती कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या पैशातून, हे मात्र कुठेच नाही. असा ठराव मोडताच येत नाही, कारण त्यात पाळण्यासारखंच काही नसतं.

पुढची उत्तरं क्रमाने पाहण्यासारखी आहेत. ऑगस्टमध्ये : ‘पाऊस उघडला की लगेच घेऊ.’ ऑक्टोबरमध्ये : ‘दिवाळी होऊ दे.’ डिसेंबरमध्ये : ‘कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं चालू आहे.’ मार्चमध्ये : ‘वर्षअखेर आहे, हिशेबात अडकलोय.’ मेमध्ये : ‘आता पाऊस तोंडावर आलाय, अर्धवट काम अंगाशी येईल.’ यातलं प्रत्येक वाक्य त्या त्या वेळी खरं होतं. पावसाने भिजत्या गच्चीवर जलरोधक लेप नीट धरत नाही, म्हणून पावसात काम करता येत नाही हे खरंच. मेच्या शेवटी गच्ची उघडून ठेवणं धोक्याचं, हेही खरंच. खरी वाक्यं एकापुढे एक येत गेली आणि अख्खा कोरडा हंगाम निघून गेला.

दुसऱ्या पावसाळ्यात ओल पसरली, छताच्या गिलाव्याचा एक पोपडा पलंगावर पडला. काकूंनी पलंग हॉलमध्ये आणला. ग्रुपवर पुन्हा अंगठे आले.

हे बोलणं टिकलं कसं

असल्या प्रकरणात सेक्रेटरीला दोष देऊन मोकळं होणं सोपं असतं. तसं केलं तर मूळ कारण हाती लागत नाही. सेक्रेटरींनी पहिल्याच हिवाळ्यात दोन ठेकेदारांना तोंडी विचारलं होतं. आकडा तीन लाखांच्या वर गेला. निधी अपुरा, म्हणजे प्रत्येकाकडून जादा वर्गणी मागावी लागणार. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मेंटेनन्स महिना २०० रुपयांनी वाढवला तेव्हा सभेत आरडाओरडा झाला होता, खजिनदारांवर वैयक्तिक आरोप झाले होते. तो प्रसंग पुन्हा ओढवून घ्यायचा नव्हता. ‘बघतो’ या शब्दामागे ‘पैसे कोण देणार’ हा प्रश्न लपला होता, आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं.

बाकीच्यांचंही यात सोयीचं होतं. अंगठा टाकला की सहानुभूती नोंदली जाते आणि खिशाला काही लागत नाही. बी विंगच्या २० घरांना ए विंगच्या गच्चीचा त्रास नव्हता; ए विंगमध्येही वरच्या मजल्यावरच्या पाच घरांपैकी फक्त दोन घरांत ओल होती. पोकळ बोलणं ज्याच्या तोंडून निघतं त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, ज्याला मोजावी लागते तो अल्पमतात असतो. म्हणून ते इतकं टिकतं.

काकूंचा स्वतःचा सौजन्यशील सूरही आड आला. त्यांचा प्रत्येक संदेश ‘जमेल तसं पाहावं ही विनंती’ या शब्दांत संपायचा. जमेल तसं म्हटलं की जमलं नाही हे उत्तर तयारच असतं.

पर्याय

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण सभासद काकूंच्या मदतीला आला. तो चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. दोघांनी बसून पुढचे पर्याय पाहिले.

पहिला, पाठपुरावा तसाच चालू ठेवणं. वर्षभराचा अनुभव समोर होता.

दुसरा, काकूंनी स्वतः खर्च करून तो मेंटेनन्समधून वळता करणं. हा सल्ला ग्रुपवर दोघातिघांनी दिला होता आणि तो घातक होता. गच्ची सामाईक आहे. तिच्यावर परवानगीशिवाय काम केलं तर उलट काकूंवरच ठपका येतो. मेंटेनन्स थकवला तर नाव थकबाकीदारांच्या यादीत जातं आणि मूळ तक्रारीचा जोर संपतो.

तिसरा, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार किंवा सहकार न्यायालयात दावा. बाजू भक्कम होती. आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याच्या छताचं व गिलाव्याचं झालेलं नुकसानही सोसायटीनेच भरून द्यायचं असतं. पण या वाटेने पुढचा पावसाळा गाठता आला नसता, आणि काकूंना याच लोकांच्या शेजारात राहायचं होतं. हा पर्याय राखून ठेवला.

चौथा, विशेष सर्वसाधारण सभेची मागणी. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याभरात सभा बोलवावी लागते. ४० सभासद, म्हणजे आठ सह्या.

पाचवा, प्रश्न विचारण्याची आणि उत्तर नोंदवण्याची पद्धत बदलणं. विनंतीऐवजी ज्यांचं उत्तर तारखेत, नावात किंवा रकमेतच देता येईल असे प्रश्न लेखी देणं.

त्यांनी पाचवा पर्याय धरला आणि चौथा पाठीशी ठेवला. निर्णय योग्यच होता. नुसत्या सह्यांनी सभा झाली असती, पण त्या सभेतही ‘योग्य ती कार्यवाही’ हाच ठराव झाला असता.

काय केलं

सह्या गोळा करताना पहिला धडा मिळाला. ग्रुपवर ‘आम्ही सोबत आहोत’ म्हणणाऱ्या १४ जणांकडे ते गेले. त्यातल्या पाच जणांनी सही केली. ‘कशाला उगाच वाईटपणा’, ‘ह्यांना विचारून सांगते’, ‘तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोतच मागे’. उरलेल्या तीन सह्या अशा घरांतून आल्या ज्यांनी ग्रुपवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पाठिंबा मोजायचा असेल तर ज्यात माणसाला थोडं काही पणाला लावावं लागतं अशा कृतीने मोजावा.

मग काकूंनी सेक्रेटरींना एक पानी पत्र दिलं आणि पोच घेतली. पत्रात तक्रारीचा इतिहास तारखांसह चार ओळींत होता. त्याखाली चार प्रश्न. गळतीचं कारण शोधण्याचं काम कोणाकडे दिलं आहे? तपासणी कोणत्या तारखेपर्यंत होईल? अंदाजे खर्च किती आणि निधीत शिल्लक किती? तारीख हुकली तर पुढचं पाऊल काय असेल? आणि एक वाक्य : उत्तर १५ दिवसांत मिळालं नाही तर आठ सभासदांच्या सहीची सभेची मागणी सादर केली जाईल.

याच टप्प्यावर एक गोष्ट बिघडली. त्या तरुणाने सेक्रेटरींचे वर्षभराचे संदेश एकत्र करून, तारखांना लाल खुणा करून ग्रुपवर टाकले. सेक्रेटरींनी त्याच रात्री राजीनामा पाठवला. कमिटी त्यांच्या बाजूने उभी राहिली, काही सभासद तरुणावर तुटून पडले, आणि गळतीचा विषय बाजूला राहून ‘निःस्वार्थ काम करणाऱ्यांचा अपमान’ हाच विषय झाला. यात तीन आठवडे गेले. शेवटी काकू स्वतः सेक्रेटरींच्या घरी गेल्या. ‘तुम्ही काम सोडू नका. मला तुमची चूक काढायची नाही. अडलंय कुठे तेवढं सांगा.’ तेव्हा पहिल्यांदा तीन लाखांचा आकडा आणि वर्गणीची भीती उघड झाली. या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी संभाषण हेच. ते बंद दाराआड झालं आणि त्याला २० मिनिटं पुरली.

अडचण पैशाची आहे हे कळल्यावर सप्टेंबरच्या वार्षिक सभेसाठी ठरावाचा मसुदा सेक्रेटरी, खजिनदार आणि तो तरुण यांनी मिळून लिहिला. त्यातली कलमं अशी : स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाणी साठवून तपासणी १५ जानेवारीपर्यंत, शुल्क जास्तीत जास्त १५ हजार, जबाबदारी खजिनदार. इंजिनिअरने लिहून दिलेल्या एकाच कामयादीवर तीन लेखी कोटेशनं १० फेब्रुवारीपर्यंत, जबाबदारी सेक्रेटरी. खर्च मंजुरीसाठी विशेष सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. काम २० मेपूर्वी पूर्ण. निधी कमी पडला तर तूट ४० फ्लॅटमध्ये समान. सगळे फ्लॅट एकाच आकाराचे असल्यामुळे या शेवटच्या कलमावर वाद कमी झाला.

सभेत चेअरमन म्हणाले, ‘एवढं तारीखवार कशाला, विश्वास ठेवा की कमिटीवर.’ यावर खजिनदारांनी दिलेलं उत्तर चपखल होतं : ‘साहेब, तारीख असली की मला सांगता येतं की माझं झालंय. नाहीतर वर्षभर मीच गुन्हेगार.’ ठराव २३ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. एकमत झालं नाही, आणि हे चांगलं लक्षण होतं. लोकांना पहिल्यांदाच काहीतरी नाकारण्याजोगं ऐकायला मिळालं होतं.

सोबत जिन्याजवळच्या फलकावर एक तक्ता लावला. रकाने चार : काम, कोण, कधीपर्यंत, स्थिती. स्थितीत दोनच नोंदी चालतील असं ठरलं : ‘झालं’ किंवा ‘झालं नाही, कारण अमुक, नवी तारीख अमुक’. ‘चालू आहे’ लिहायचं नाही. पहिला महिनाभर लोकांनी रकाना कोराच ठेवला. हुकलेली तारीख चारचौघांत लिहायची लाज वाटत होती. मग एक सवलत ठेवली : मुदत संपण्याआधी सांगितलं तर तारीख एकदा बदलता येईल, प्रश्न विचारले जाणार नाहीत. त्यानंतर रकाने भरू लागले.

जानेवारीत तपासणी झाली. ३,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर एकदम पाणी भरलं नाही. पाच सेंटीमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला ५० किलो होतो, आणि पूर्ण गच्चीला सुमारे १५ हजार लिटर पाणी लागलं असतं. म्हणून विटा-सिमेंटचे छोटे बांध घालून तीन भाग केले, पन्हळींची तोंडं बंद केली, आणि तेच पाणी पंपाने पुढच्या भागात घेत, रोज एक भाग भरून पाहिला. काकूंच्या छतावरच्या भागात नऊ तासांत ओल उतरली. दोषी जागा तीन निघाल्या : कठड्याच्या पायाशी असलेला गोल वाटा (भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर उतार) तडकलेला, पन्हळीच्या तोंडाभोवतीचा सिमेंट सुटलेला, आणि जुन्या डिश अँटेनाच्या बोल्टची उघडी भोकं. चिनी मातीच्या फरशीचा काही भागही ठोकल्यावर पोकळ वाजत होता.

तपासणीच्या आधी सेक्रेटरींनी घाईत मागवलेली तीन कोटेशनं निरुपयोगी ठरली होती. एकाने फक्त लेप सुचवला, दुसऱ्याने अख्खा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जाड थर, काढायला सांगितलं, तिसऱ्याने ‘घरचंच काम समजा, दहा वर्षं बघायला लागणार नाही’ असं लिहून एक रक्कम टाकली. तीन वेगळी कामं आणि तीन वेगळे आकडे, तुलना करणार कशी? इंजिनिअरची कामयादी आल्यावर त्याच यादीवर दर आले : ८८, ९५ आणि ११२ रुपये चौरस फूट. ८८ वाल्याने वाटा नव्याने करणं आणि शेवटची पाणी-चाचणी वगळली होती. ९५चा दर घेतला. ३ लाख ४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५८,७२० रुपये. निधी वजा जाता तूट १,४८,७२०, म्हणजे दर फ्लॅटला ३,७१८, दोन हप्त्यांत. ज्या आकड्याच्या भीतीने उन्हाळा वाया गेला तो घरामागे एवढा होता.

‘दहा वर्षांची गॅरंटी’ या बोलण्याचंही कलमांत रूपांतर केलं. गॅरंटी कशावर, कोणत्या कृतीने ती रद्द होते, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल, हे लिहून घेतलं. पैसे असे दिले : सुरुवातीला २० टक्के, टप्प्यांनी ६०, ४८ तासांच्या पाणी-चाचणीनंतर १०, आणि उरलेले १० टक्के, म्हणजे ३५,८७२ रुपये, ३१ ऑक्टोबरपर्यंत रोखून.

निष्पत्ती

काम एप्रिलमध्ये सुरू झालं आणि २० मेच्या आत संपलं. काकूंच्या छताचा गिलावा आणि रंग सोसायटीने करून दिला. तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूम कोरडी राहिली. जुलैमध्ये दुसऱ्या घरात एक ठिपका दिसला. सोलर हीटरच्या माणसाने स्टँड हलवताना नव्या थरातून बोल्ट ठोकला होता. गॅरंटी या कारणाने रद्द होत होती, तरी ठेकेदाराने चार दिवसांत येऊन दुरुस्त केलं. रोखलेले ३५ हजार त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्यानंतर कुणाही कारागिराला गच्चीची किल्ली देताना ‘भोक पाडणार नाही’ असं वहीत लिहून सही घेतात.

वर्गणी ३७ घरांनी वेळेत भरली. राहिलेल्या तिघांपैकी दोघं ठरावाला विरोध करणारे होते, एक मात्र पहिल्या दिवसापासून काकूंच्या फोटोखाली हळहळ व्यक्त करणारा. सेक्रेटरींनी राजीनामा मागे घेतला, पण त्या तरुणाशी ते अजून कामापुरतंच बोलतात. पार्किंगच्या विषयात तक्ता वापरला गेला नाही आणि तिथे ‘सामंजस्याने मार्ग काढू’ एवढंच आठ महिने चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या सप्टेंबरच्या सभेत एका सभासदाने उभं राहून ‘कार्यवाही कोण करणार आणि कधीपर्यंत, ते ठरावात घ्या’ एवढं म्हटलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता. त्यासाठी कायद्याचं ज्ञान लागत नाही. इतिवृत्ताचा मसुदा फिरतो तेव्हा हरकत लेखी घेता येते, तीही संधी सगळ्यांनी सोडली.

पैशाची अडचण सेक्रेटरींनी पहिल्याच हिवाळ्यात मांडायला हवी होती. ‘काम साडेतीन लाखांचं आहे, निधी दोन लाखांचा आहे, मला तुमचा निर्णय हवा’ असं सांगितल्यावर शिव्या पडल्या असत्या, पण जबाबदारी सभेची झाली असती. ती अडचण एकट्याने पोटात ठेवून ते वर्षभर ‘करून घेतो’ म्हणत राहिले आणि शेवटी शिव्या त्यांनाच पडल्या.

संदेशांचं संकलन ग्रुपवर टाकायला नको होतं. तेच कागद सेक्रेटरींसमोर, चहाच्या टेबलावर ठेवता आले असते. माणसाला चारचौघांत उघडं पाडलं की तो बचावाला लागतो, आणि बचाव करणाऱ्या माणसाकडून तारीख मिळत नाही.

काकूंसाठी एकच सुचवणं : विनंतीचा सूर तसाच ठेवून शेवटचं वाक्य बदलता आलं असतं. ‘जमेल तसं पाहावं’ऐवजी ‘रविवारी संध्याकाळी सहाला वरती येऊन पाहाल का?’ एवढ्याने नम्रता कमी होत नाही, आणि उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं.

स्ट्रक्चरल ऑडिट अजून बाकी आहे. ताज्या ठरावात त्यासाठी ३१ डिसेंबर ही तारीख आहे, नाव चेअरमनचं आहे, आणि त्यासोबत बी विंगच्या गच्चीवरही पाणी साठवून तपासणी करायची आहे.